हृदयाच्या गोळ्या आणि काचबिंदू

प्रश्न : माझे वय 64 असून मी निपाणीत राहतो. काचबिंदूसाठी बेळगावच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचे थेंब घालतो. मागील वर्षी हृदयाचा त्रास झाल्यावर मिरजेत मेटोप्रोलॉल, ॲम्लोडिपिन, ॲस्पिरिन व अटॉरव्हास्टॅटिन या गोळ्या सुरू झाल्या. त्यांतील पहिल्या दोन रात्री जेवणानंतर घेतो. डोळ्यातील दाब 14 असूनही या वेळच्या फिल्ड टेस्टमध्ये (नजरेचा घेर मोजण्याच्या तपासणीत) डाव्या डोळ्याची नजर आणखी घटलेली दिसली. पहाटे उठताना भोवळही येते. हृदयाच्या गोळ्यांनी काचबिंदू वाढतो का? त्या बंद कराव्यात का?

उत्तर : हृदयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलॉल अचानक थांबवल्यास छातीतले दुखणे बळावते, क्वचित झटकाही येऊ शकतो.

आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पहाटेची भोवळ. काचबिंदूत डोळ्यामागील नस हळूहळू सुकत जाते. त्या नसेला पुरेसे रक्त मिळणे हे डोळ्यातील दाबाबरोबरच शरीराच्या रक्तदाबावरही अवलंबून असते. झोपेत रक्तदाब मुळातच उतरतो. त्यात आपल्या पहिल्या दोन गोळ्यांसारख्या रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या रात्री घेतल्या, तर काही जणांत तो इतका खाली जातो की डोळ्यातील दाब 14 असूनही नसेची उपासमार होते. डोळ्यातील दाब कमी असूनही होणाऱ्या काचबिंदूवर टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिन या थेंबांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये नजर घटण्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि टिमोलॉल घालणाऱ्यांची नजर ब्रिमोनिडिन घालणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने घटली. म्हणून 24 तास रक्तदाब मोजणारे यंत्र एक दिवस दंडाला बांधून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. रात्रीचे आकडे फारच खाली दिसले, तर गोळ्यांची वेळ सकाळी आणायची की मात्रा बदलायची, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

गोळ्यांविषयी वेगवेगळे सांगायचे, तर मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या व रक्तदाब उतरवणाऱ्या) गोळीने डोळ्यातील दाब थोडा कमीच होतो. ॲम्लोडिपिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांत काचबिंदूचे प्रमाण जास्त असल्याचे चार लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिकांच्या माहितीवरून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र त्यांचा डोळ्यातील दाब वाढलेला नव्हता आणि अशा पाहणीवरून गोळीच दोषी असे सिद्ध होत नाही. अटॉरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची काळजी नको. उलट अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत काचबिंदूचा धोका किंचित कमी असल्याचे काही अभ्यास सांगतात. ॲस्पिरिन काचबिंदूसाठी थांबवण्याचे कारण नाही.

उलट बाजूने पाहिले, तर टिमोलॉलचा थेंब हाही बीटा ब्लॉकरच आहे. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो आणि तेथून थेट रक्तात मिसळतो, त्यामुळे मेटोप्रोलॉलबरोबर तो नाडी फार मंद करू शकतो आणि भोवळीचे हेही कारण असू शकते. शिवाय बीटा ब्लॉकर पोटातून आधीच जात असल्याने डोळ्याला या थेंबाचा लाभ कमी मिळतो, आणि संध्याकाळच्या थेंबाचा झोपेतील डोळ्याच्या दाबावर फारसा परिणाम होत नाही. आपल्यासाठी दुसऱ्या प्रकारचा थेंब निवडता येईल का, हे बेळगावच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. तोवर थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटून, नाकालगतचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध डोळ्यातच राहते. बरेच जण थेंब पडताच भराभर पापण्या मिचकावतात व तो वाया घालवतात.

सीमाभागात डोळ्यांची फाइल बेळगावात आणि हृदयाची मिरज किंवा कोल्हापुरात, असे घरोघर आढळते. डोळ्यांचे डॉक्टर विचारतात तेव्हा गोळ्या सांगितल्या जातात, पण डोळ्यातले थेंब हृदयाच्या डॉक्टरांना औषध म्हणून कोणी सांगतच नाही. दोन्हींकडची सर्व औषधे, मात्रा व घेण्याच्या वेळा एका कागदावर लिहून घ्या आणि थेंबाची बाटलीही बरोबर न्या. नाडी मिनिटाला 50 च्या खाली गेली, धाप लागली किंवा भोवळ येऊन पडलात, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.