हाँगकाँगचं आर्ट म्युझियम: चिनी चित्रं कळत नसतील तरी जाच

ताई, तुम्ही विचारलंय की यजमानांची मीटिंग असताना एक दिवस मोकळा मिळतोय, चिनी चित्रांतलं ओ की ठो कळत नाही, तर चिम शा चुईच्या हाँगकाँग म्युझियम ऑफ आर्टला जावं का. जा, बिनधास्त जा, फक्त गुरुवारी नको, बंद असतं (मी पहिल्यांदा नेमकी गुरुवारीच गेले होते, मग बाहेर क्लॉक टॉवरपाशी बसून डब्यातले मेथीचे ठेपले खाल्ले). कायमची दालनं फुकट आहेत. बंदरापलीकडच्या सेंट्रल भागातून स्टार फेरीच्या बोटीनेच या, उतरलात की पाचेक मिनिटांवर.

आता महत्त्वाचं. बहुतेक जण जुन्या चित्रांपासून सुरू करतात आणि अर्ध्या तासात सगळे डोंगर सारखेच दिसायला लागतात. तुम्ही उलटं करा, आधी विसाव्या शतकातला चिनी चित्रकार वू ग्वानझोंग बघा. हा १९४७ ते १९५० पॅरिसला शिकून चीनला परत गेला, माओच्या सांस्कृतिक क्रांतीत खेड्यात शेतीकामाला धाडला तर तिथे शेणखताच्या टोपलीवर बोर्ड टेकवून चित्रं काढायचा! त्याचं १९८१चं 'टू स्वॅलोज' लावलेलं असेल तर जरा थांबा. आधी नुसते चौकोन न रेघा दिसतात, मग हळूच पांढरी भिंत, काळी कौलं, आणि इवलेसे दोन पक्षी. जवळजवळ सगळा कागद कोराच आहे, तीच भिंत.

हा कोरा कागद डोळ्यात बसला की मग शूबाइझाय संग्रहाकडे वळा, एका बँकरने जमवलेली जुनी चित्रं आहेत. नावातच 'रिकामं' आणि 'पांढरं' हे दोन शब्द आहेत बघा. त्यात चित्रकार बादा शानरेन दिसला तर सोडू नका, चीनच्या मिंग राजघराण्यातला, १६४४ला राज्य बुडालं आणि हा पुढे भिक्षू झाला. त्याचे मासे आणि पक्षी असे काही डोळे वटारून बघतात की विचारू नका, आणि आजूबाजूला पाणीबिणी काही काढलेलंच नसतं, तरी पाणी दिसतं.

लांब गुंडाळीचं चित्र उजव्या टोकाकडून डावीकडे बघत जायचं, लोक ते हातभर उलगडत बघायचे, एकदम अख्खं नाही. लाल शिक्के सगळे चित्रकाराचे नसतात, पुढच्या मालकांचेही असतात, आजोबांच्या पुस्तकावर तीन पिढ्यांची नावं असतात ना तसं. उजेड मंद असतो कारण कागद-रेशीम खराब होतं, म्हणून चित्रं बदलतातही, अमुकच हवं असा हट्ट धरू नका.

कँटनच्या (आजचं ग्वांगझोऊ) व्यापाराची चित्रं असतील तर पाच मिनिटं द्या, आपल्या जमशेटजी जीजीभॉयांनी अफू-कापसात पैसा केला तो याच धंद्यात, आणि त्यातूनच १८५७चं जेजे स्कूल. एम प्लस हे आधुनिक कलेचं दुसरं म्युझियम मात्र त्याच दिवशी उरकायला जाऊ नका, ते प्रचंड आहे.

शेवटी हाँगकाँगचा चित्रकार ल्युई शौ-क्वान. जाड काळे फटकारे आणि वर लाल ठिपका, की झालं कमळ. हा फेरी कंपनीत इन्स्पेक्टर होता, परत जाताना बोटीत बसाल तेव्हा आठवेल.