रिपोर्ट करणाऱ्याला कळवायचं का?

प्रश्न : ताई, आमच्या भागातल्या नाटकवेड्यांचा फेसबुक ग्रुप मी सांभाळतो. जत्रेतल्या नाटकांच्या तारखा, जुने फोटो, कुणाला स्त्रीपात्र हवंय, सगळं तिथंच चालतं. कोकणी-मराठी वाद पेटला की धडाधड पोस्ट रिपोर्ट होतात. मी वाचतो, काढायच्या त्या काढतो. परवा एक जुने सभासद म्हणाले, "तुझ्याकडे तक्रार करून उपयोग काय? तू बघतोस तरी का?" प्रत्येकाला कळवत बसायचं का?
– एक ॲडमिन, डिचोली

उत्तर : हो, कळवायचं. त्यातही जी पोस्ट तुम्ही ठेवलीत तिच्याबद्दल आधी. काढलेली पोस्ट गायब झालेली दिसते. ठेवलेली तशीच राहिली की रिपोर्ट करणारा समजतो, यानं उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

नुसतं "तपासलं" म्हणू नका, कारण द्या. असं काहीतरी : "नमस्कार. पोस्ट वाचली. मराठीला राजभाषेचा दर्जा हवा हे त्यांचं मत आहे, ते ठेवतोय. खालच्या कमेंटमध्ये एका कलाकार बाईंबद्दल घाणेरडं लिहिलं होतं, ते काढलंय." बस्स, एवढंच. कोकणीला राजभाषा करणाऱ्या गोव्याच्या 1987 च्या कायद्यावरून आपल्याकडे आजही घराघरात दोन पक्ष पडतात. चिडलेला माणूस विरोधी मतालाच शिवी समजून रिपोर्ट करतो. मत कुठं संपतं आणि शिवीगाळ कुठं सुरू होते हे त्याला एकदा नीट कळलं, तर त्याचे पुढचे रिपोर्ट नेमके येतील. तुमचं काम कमी होईल ते असं.

फेसबुकसारख्या मोठ्या कंपन्यांना तर हे टाळताच येत नाही. आपल्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर निर्णय न पटलेल्याला 30 दिवसांत सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येतं. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात तक्रारदाराला निर्णय आणि दाद मागायची वाट, दोन्ही कळवायचं बंधन आहे. हौशी ॲडमिनवर यातलं काही लागू नाही. पण तक्रार करणाऱ्याचा हक्क मला तेवढाच खरा वाटतो.

दोन गोष्टी मात्र पोटात ठेवा. लिहिणाऱ्याला काय समज दिलीत ते रिपोर्ट करणाऱ्याला सांगू नका, आणि रिपोर्ट कुणी केला ते लिहिणाऱ्याला कळू देऊ नका. ही माणसं उद्या एकाच देवळाच्या मंडपात तोंडासमोर येणार आहेत. नाव फुटलं तर पुन्हा कुणी रिपोर्ट करणार नाही, आणि सगळ्यात आधी गप्प बसतील त्या बायका.

निर्णय पटला नाही असं कुणी म्हणालं, तर तुम्हीच पुन्हा निवाडा करू नका. दुसऱ्या कुणाला तरी ती पोस्ट वाचायला द्या. एकटेच ॲडमिन असाल तर रंगमंचावर काम केलेल्या एखाद्या बाईंना सोबत घ्या. कमेंटमधला कुठला "विनोद" विनोद नाही, हे त्यांना पहिल्या वाचनात कळेल.