सोलापूरहून विजापूर एका दिवसात: ट्रॅव्हल्सचं पॅकेज की तिथला गाईड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातून एका दिवसात विजापूर बघायचंय, बरोबर सत्तरीतले आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं "गाईडसह दहा पॉईंट, शिवाय अलमट्टीची बाग" असं पॅकेज सांगितलंय, तर घ्यावं का?

घेऊ नका. पैशाचा मुद्दा नाही, वेळेचा आहे. अलमट्टी विजापूरच्याही पुढं साठ-पासष्ट किलोमीटर. ती त्यात कोंबली की दुपारी दोनलाच गाडीत बसवतात आणि विजापूर म्हणजे गोलघुमट, एक तोफ आणि पार्किंगमधला नारळ एवढंच पदरात पडतं. त्यात पॅकेजचा गाईड बऱ्याचदा बसमध्ये माईक धरणारा माणूस असतो, आत येतच नाही. स्वतःची गाडी घ्या नाहीतर भाड्यानं करा, आणि गाईड तिथं गोलघुमटाच्या दारात घ्या. ओळखपत्र बघा, कुठल्या कुठल्या जागा दाखवणार आणि किती घेणार हे आधीच बोलून घ्या. हिंदी सगळ्यांना येतं, मराठी बोलणारेही मिळतात. आई-वडिलांसाठी मराठीवाला शोधाच.

शुक्रवार टाळा. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यातलं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारी नमाजाची गर्दी असते. भाड्याची गाडी असेल तर कर्नाटकचा टॅक्स भाड्यात धरलाय का, हे सोलापुरातच विचारा. नाहीतर टाकळीचा भीमेचा पूल ओलांडल्यावर वादावादी सुरू होते. बसनं जायचं ठरलं तर एवढं ध्यानात ठेवा की आपल्या एसटीची महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे. रेल्वेचं स्टेशन गोलघुमटाच्या अगदी जवळ आहे, पण सोयीच्या वेळेची गाडी मिळेलच असं नाही.

सकाळी सहाला निघा. रस्ता चौपदरी आहे, आठच्या सुमारास पोचता. हा आग्रह उन्हासाठी नाही, ऊन आपल्याला नवीन नाही. गोलघुमटाची सगळी गंमत शांततेत आहे. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि वर गॅलरीत नुसत्या शिट्ट्या आणि आरोळ्या. मग कुजबुज कसली ऐकू येणार? सकाळी मोकळ्या वेळी गाईड एका बाजूला भिंतीकडं तोंड करून उभा राहतो आणि कागद फाडतो. तुम्ही समोरच्या बाजूला, मध्ये घुमटाची सगळी पोकळी, आणि तो चर्र आवाज कानाशी फाडल्यासारखा येतो. टाळी एकच वाजवा आणि गप्प राहा. सात वेळा तरी परत येते. मुलांना मोजू द्या.

वर जायला मात्र कोपऱ्यातल्या मनोऱ्यातला जिना आहे. सात मजले, शंभरावर पायऱ्या, अरुंद आणि उंच. गुडघे दुखणाऱ्यांना चढवू नका. आई-वडिलांनी खाली थांबलं तरी काही गमावत नाहीत, कारण इमारतीचं खरं डोकं खालूनच कळतं. महंमद आदिलशहाची ही कबर. १६५६ मध्ये तो गेला तोवर हे काम चाललं होतं. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. मग एवढं ओझं पेललंय कोणी? मान वर करून कोपऱ्यांकडं बघा. आठ कमानी एकमेकींना छेदत वर गेल्यात आणि चौकोनी खोलीचा हळूहळू गोल होत जातो. गाईडला हेच सांगायला लावा. मधल्या चौथऱ्यावरच्या कबरी फक्त दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. दारावर टांगलेला "बिजली पत्थर" मुलांना दाखवा, तो आकाशातून पडलेला दगड आहे.

पुढचा क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडं लावा. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला, इब्राहिम रौजा पश्चिमेला तटाच्या बाहेर, मधे जुनी राजधानी. विजयनगर हरलं त्या तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर, पहिल्या अली आदिलशहानं शहराभोवती सुमारे दहा किलोमीटरचा तट उभारायला घेतला. त्याचे तुकडे रस्त्यात दिसत राहतात.

जामा मशीद त्याच अलीची, अर्धवट राहिलेली. पायताण काढावं लागतं आणि अंगणातली फरशी दुपारी भाजून काढते. मोजे ठेवा. मिहराबावरचं, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कमानीवरचं, सोनेरी नक्षीकाम बघा आणि निघा. असार महाल, मेहतर महाल गाडीतून चालतील. गगन महालात दहा मिनिटं थांबा, कारण १६८६ च्या सप्टेंबरात शेवटचा सिकंदर आदिलशहा औरंगजेबाला शरण गेला, आणि तो इथंच त्याच्यासमोर हजर झाला असं सांगतात. आपल्या लोकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते: औरंगजेब त्याआधी वर्षभर सोलापुरात तळ ठोकून होता आणि त्या उन्हाळ्याच्या अखेरीला सोलापूरहूनच विजापूरवर गेला. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला तर आदिलशाही आणि निजामशाहीच्या भांडणाचं मूळच. लग्नात हुंडा म्हणून कबूल करायचा आणि मग द्यायचा नाही. शेवटी निजामशाहीची चांदबिबी आणि पहिला अली यांच्या लग्नात तो विजापूरकरांकडं आला. मुलांना भुईकोट बागेच्या पलीकडं काही सांगायचं असेल तर हे सांगा.

बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची न झालेली कबर. १६७२ मध्ये तो गेला आणि काळ्या दगडाच्या कमानी तशाच उघड्या राहिल्या. फोटो छान येतात. अफझलखानाला याच अलीच्या दरबारानं पाठवलं होतं, त्यामुळं इथं गाईडची गाडी हमखास तिकडं वळते: मोहिमेवर निघण्याआधी खानानं आपल्या बायका मारल्या, त्रेसष्ट बायका, साठ कबरी, वगैरे. ऐकायला हरकत नाही, पण ही सांगोवांगीची गोष्ट आहे. त्यासाठी शहराबाहेर वाकडी वाट करू नका. त्यापेक्षा शहाजीराजांचं विचारा. १६३६ नंतर ते याच दरबारचे सरदार होते. यावर गाईड दोन वाक्यं नीट बोलला तर माणूस जाणता समजा.

जेवण बाराच्या आसपास एखाद्या लिंगायत खानावळीत. ज्वारीची रोटी, भरली वांगी, शेंगाची चटणी, दही. आपल्यासारखंच, फक्त रोटी आपल्या भाकरीपेक्षा पातळ आणि तिखट थोडं वेगळं. महागड्या हॉटेलात जाऊन पनीर खाऊ नका.

दुपारी उपली बुरूज आणि मलिक-ए-मैदान. उपली बुरुजाला बाहेरून गोल पायऱ्या आहेत, मुलं धावत वर जातील, पण कठड्याकडं लक्ष ठेवा. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ओतणारा महंमद रूमी. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी आ वासलेला सिंह आणि त्याच्या जबड्यात हत्ती; वाकून जवळून बघितल्याशिवाय हत्ती दिसत नाही. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती, म्हणजे आपल्या बार्शीच्या पलीकडं, आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला आणली. तेवढं धूड त्या काळच्या वाटांनी कसं ओढलं असेल, याचा बार्शी रोडवरून जाणाऱ्यांनी तरी विचार करावा! इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, तिचा लिलाव दीडशे रुपयांना झाला होता. सुदैवानं तो रद्द केला.

शेवटी इब्राहिम रौजा, आणि त्याला दीड तास राखूनच ठेवा. माझ्या लेखी विजापुरातली सगळ्यात देखणी जागा हीच. गोलघुमट मोठा आहे, रौजा सुंदर आहे. दुसऱ्या इब्राहिमनं राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतला आणि स्वतःही तिथंच विसावला. हाच तो बादशहा, ज्यानं दख्खनीत गाणी रचली आणि त्यात सरस्वतीला, गणपतीला वंदन केलं. एकाच चौथऱ्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद. कबरीच्या खिडक्यांची जाळी म्हणजे दगडात कोरलेली अरबी अक्षरं. अक्षरांमधल्या फटींतून आत उजेड येतो. आतलं छत सपाट, दगड नुसते एकमेकांना भिडवून बसवल्यासारखे. चार वाजता तिरपं ऊन पडलं की दगडाचा रंग बदलतो. आई-वडिलांना बसायला सावलीही भरपूर आहे.

ताज बावडी ही जुनी मोठी विहीर तिथून फार लांब नाही, पण वेळ उरला तरच. साडेपाचला मात्र गाडी सुरू करा. थंडीत जाणार असाल तर तोच उसाचा हंगाम, आणि अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या त्या रस्त्यावर असतात. झळकीला चहा घ्या, पुढं ड्रायव्हरला घाई करायला लावू नका.