भिंत माझी रंगवली, आणि तक्रार माझ्यावरच?

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या कुंपणभिंतीवर रात्री कुणीतरी स्प्रेने नावं आणि चित्रविचित्र खुणा काढून जातं. वर्षात तीनदा रंग काढून घेतला. गेल्या महिन्यात जागा राहिलो आणि दोघांना रंगेहाथ पकडलं. एक १९ वर्षांचा, तो पळाला. दुसरा १६चा. त्याला ना भीती, ना लाज. "काका, आर्ट आहे हे. पुसलंत तर परत काढू," म्हणाला. माझं डोकं फिरलं. तासभर गॅरेजमध्ये कोंडून ठेवला, माफी मागतानाचा व्हिडिओ काढला आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. आता त्याचे वडील माझ्यावरच पोलिसात जायचं म्हणतायत. गुन्हेगार मी की तो?

उत्तर : दोघंही. आणि सांगायला वाईट वाटतं, पण तुमचा गुन्हा जास्त जड आहे.

मुलांनी केलं ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधली 'आगळीक', म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण ती अदखलपात्र. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासाला हात लावणार नाहीत. उलट एखाद्याला डांबून ठेवणं हा कलम १२७ खाली दखलपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही आणि त्या मुलाचे वडील एकाच वेळी ठाण्यात गेलात, तर पोलिसांना आधी हलावं लागेल ते तुमच्याविरुद्ध.

"चोर पकडायचा हक्क नागरिकाला नाही का?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आहे, पण फक्त अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर (किंवा माणूस घोषित गुन्हेगार असेल तर), आणि त्यालाही विलंब न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं असतं. आगळीक त्यात बसत नाही. रंग मारणं चालू असताना तुम्ही डबा हिसकावून घेतला असता, हात धरून मागे ओढलं असतं, तर मालमत्तेच्या स्वसंरक्षणाचा हक्क तुमच्या पाठीशी होता. पण तो हक्क आगळीक चालू आहे तोवरच. गॅरेजचं दार लावलंत तेव्हा तो संपलेला होता.

ग्रुपवरचा व्हिडिओ आजच हटवा. हे उत्तर वाचून होण्याआधी हटवलात तरी चालेल. मुलगा १८च्या आतला आहे. प्रकरण पोलिसांकडे किंवा बाल न्याय मंडळाकडे गेलं की त्याची ओळख उघड करण्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बदनामीचा मुद्दा आणखी वेगळा. शिवाय दाराआड घेतलेली माफी पुरावा म्हणून तुमच्या फारशी कामाची नाही. वडिलांच्या मात्र आहे, त्यामुळे ग्रुपवरून काढा पण तुमच्या फोनमधली मूळ फाइल नष्ट करू नका. तसं केलंत तर पुरावा नाहीसा केल्याचं आणखी एक झेंगट मागे लागेल.

आता तुमची बाजू. भिंतीचे तारखेसकट फोटो काढा. सीसीटीव्हीचं चित्रण असेल तर त्यावर नवं चित्रण चढण्याआधी वेगळं काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. रंगाऱ्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. हा कागद महत्त्वाचा, कारण नुकसान वीस हजार किंवा त्याहून जास्त, पण एक लाखाच्या आत निघालं तर शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवर जाते. महाराष्ट्रात असाल तर सार्वजनिक नजरेस पडणारी मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५चा राज्याचा कायदाही तक्रारीत लिहा. तीन महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्याची झेप. फार नाही, पण भिंतीसाठी खास केलेला कायदा आहे.

तक्रारीत दोघांचीही नावं द्या. पोरगा एकटा असता तर एवढ्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर एफआयआर झालाच नसता, नुसती पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद झाली असती. सोबत सज्ञान असल्यामुळे ते बदलू शकतं. तरी १६ वर्षांच्या मुलाला कोठडी नाही. मंडळ समज देईल, समुपदेशनाला पाठवेल, सामुदायिक सेवा करायला लावेल किंवा पालकांना दंड भरायला सांगेल. त्याच्याकडून भिंत घासून घ्यायची असेल, तर खरा रस्ता हाच. गंमत म्हणजे १९ वर्षांच्याला ही सोय नाही. न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा आणली, पण मोजक्या गुन्ह्यांसाठी. आगळीक त्यात नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त काय झोंबलं ते पत्रातून कळतं : तो घाबरला नाही. माझ्या वकिलीच्या सुरुवातीला भिंतीवर बदाम, बाण आणि दोन आद्याक्षरं असायची, आणि पकडलेला पोरगा बापासमोर मान वर करत नसे. आता तेच पोरगं माझ्यासमोर बसून फोन पुढे करतं, "सर, बघा ना, किती भारी आलंय." एकाने मला विचारलं, "पण भिंतीला झालं काय? पडली का?" त्याला खरंच कळत नव्हतं. कायद्याचं उत्तर असं की वस्तू मोडावीच लागत नाही. तिचं मोल किंवा उपयोग घटला तरी आगळीक होते. हे मी सांगितल्यावर तो गप्प झाला. पण मला वाटतं, त्याला गप्प केलं ते कलमाने नाही; त्याआधी मी सांगितलं होतं की त्या भिंतीची मालकीण पेन्शनीवर जगते. रिकामी जागा म्हणून बघितलेल्या भिंतीला पहिल्यांदा माणूस चिकटला. तुम्ही पकडलेल्या मुलालाही गॅरेजमध्ये हे कळायची शक्यता नव्हती.

म्हणून माझा सल्ला तडजोडीचा. खासगी माणसाच्या नुकसानीपुरती आगळीक मिटवता येते, डांबून ठेवण्याचा गुन्हाही मिटवता येतो. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकाला न्यायालयाच्या परवानगीने ते करता येतं. अजून काहीच दाखल नसेल तर आणखी सोपं. वडिलांना बोलवा, व्हिडिओबद्दल आधी तुम्ही दिलगिरी व्यक्त करा, मग रंगाऱ्याचा अंदाज समोर ठेवा. खर्चाचा वाटा आणि मुलांनी स्वतः भिंत साफ करणं, दोन्ही कागदावर घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह.

पोरं चांगलं काढतात असं वाटून उद्या तुम्हीच त्यांना भिंत दिलीत, तर एक काळजी घ्या. परवानगीने काढलेल्या चित्रावर चित्रकाराचे नैतिक हक्क (आपल्या कलाकृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचे हक्क) राहतात, कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ खाली. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं आणि खराब झालं, तेव्हा २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख भरपाई दिली होती. तेव्हा परवानगीच्या कागदात एक ओळ घाला : मालकाला वाटेल तेव्हा भिंत पुन्हा रंगवता येईल. सही मुलाची नको, त्याच्या वडिलांची घ्या.