पहिली गाडी घेतोयस ना भावा, मग आधी हे वाच

दसऱ्याच्या मुहूर्ताची घाई बाजूला ठेव. शोरूमवाला किंमत सांगत नाही, हप्ता सांगतो. तिथंच माणूस फसतो. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साधारण १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजार. तेच ७ वर्षांवर नेलंस तर हप्ता १२,९००च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. ‘फक्त ७ टक्के’ म्हणाले तर दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) आहे की घटत्या शिल्लकीवर (जेवढं कर्ज उरलंय तेवढ्यावरच), एवढं विचार. ५ वर्षांसाठी फ्लॅट ७ म्हणजे खरे साडेबारा पडतात! मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही लेखी घे.

इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचा भाव काढ. पण इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे इंजिनसाठी जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, सोडू नकोस. २०१९ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं आठवतंय ना? पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट केली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. माझ्या मेव्हण्यानं हेच केलं, वर माझ्यावरच चिडला.

नवीन मॉडेल आलं की वर्षभर थांबावं, असं माझं मत. तोवर शिरोलीच्या एखाद्या जुन्या मेस्त्रीला विचार, कुठल्या गाड्या त्याच्याकडं सारख्या येतात. चाचणीला गगनबावड्याच्या घाटात ने, चार माणसं बसवून, एसी लावून.