सशाने कण्हेरीची पाने खाल्ली तर?

प्रश्न : आमचा ससा दीड किलोचा आहे. परवा छाटून टाकलेल्या कण्हेरीची दोन-तीन पाने त्याने खाल्ली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मीठपाणी पाजले, पण ओकारी झाली नाही. आता खातो-पितो आहे. पुन्हा असे झाले तर काय करावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ससा ओकूच शकत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले वर येत नाही. मीठपाण्याने विष निघत नाही. उलट रक्तातले मीठ वाढते किंवा पाणी फुप्फुसात जाते. तेल आणि दूधही पाजू नका.

कण्हेरीचे विष हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते आणि वाळलेल्या पानातही ते टिकते. म्हणून छाटणीचा कचरा अंगणात ठेवू नये. खाल्लेले दिसताच तोंडातला पाला काढा, ओठ ओल्या फडक्याने पुसा. खाल्ल्याची वेळ, अंदाजे किती पाने आणि सशाचे वजन कागदावर लिहा; झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्या. लक्षणांची वाट पाहू नका, लगेच निघा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर औषधी कोळसा देऊ शकतात, किलोमागे साधारण १ ते ३ ग्रॅम. चुलीतला कोळसा त्या कामाचा नाही.

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण सांगलीहून तिथे पोचेपर्यंत मोलाचा वेळ जाईल. जवळचे कोणते डॉक्टर ससे तपासतात, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

विष उतरले तरी दुसरा धोका उरतो, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुखण्याने ससा खायचा थांबला की आतडे मंदावते, आत वायू धरतो. म्हणून पुढचे दोन दिवस लेंड्या पाहा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी असते. बोटांनी चुरली की आत गवताचे तंतू दिसतात. ती बारीक, वेडीवाकडी झाली, ससा पाठ वाकवून बसला, दात करकर वाजवू लागला, किंवा १० ते १२ तासांत खाल्ले नाही, लेंडीही पडली नाही, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा. कान गार लागले तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. समोर सुके गवत आणि पाणी कायम असू द्या. जुलाब लागले म्हणून घरातली अमोक्सिसिलिन मात्र देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या या औषधाने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि घातक जंतू माजतात. त्यात ससा दगावतो.

तुमचा ससा दोन दिवस खातो आहे, ही चांगली खूण. तरी हृदयाचे ठोके एकदा तपासून घ्या.

प्रश्न : खरड छाटणीतला द्राक्षाचा पाला सशांना चालेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : द्राक्षाचे पान विषारी नाही, फवारणी विषारी आहे. मोरचूद-चुन्याचा थर पानावर बसतो; आंतरप्रवाही औषधे तर पानाच्या आत मुरतात, ती धुऊन जात नाहीत. फवारलेल्या बागेतला पाला घालूच नका. चुकून खाल्ला गेला तर औषधाची बाटली लेबलासकट डॉक्टरांकडे न्या. परसात न फवारलेला वेल असेल तर दिवसाला दोन-तीन पाने पुरेत.