वाचकांचे प्रश्न : कपड्यांच्या कंपनीचा तिमाही निकाल आणि अजून पूर्ण न झालेली ब्रँडखरेदी

तयार कपड्यांच्या नोंदणीकृत कंपन्यांविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. हिशेब समजावा म्हणून वापरलेले आकडे 'समजा' म्हणून दिले आहेत. खऱ्या सौद्यांच्या ठिकाणी कंपन्यांची नावं आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कपड्यांच्या एका कंपनीचे शेअर आहेत. २०२५च्या सप्टेंबर तिमाहीत तिची विक्री १८ टक्के वाढली, डिसेंबर तिमाहीत जेमतेम ४ टक्के. तीन महिन्यांत एवढं काय बिघडलं? – एक वाचक, दादर

उत्तर : आधी पंचांग बघा. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि सप्टेंबरची अखेर पितृपक्षात गेली होती. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आली. म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या ज्या नऊ दिवसांत आदल्या वर्षी कोणी नवे कपडे घेत नव्हतं, त्याच नऊ दिवसांत या वर्षी नवरात्राची आणि दुर्गापूजेची खरेदी जोरात होती. ती विक्री डिसेंबर तिमाहीतून निघून सप्टेंबर तिमाहीत आली.

त्यात जीएसटीचे नवे दरही २२ सप्टेंबरलाच लागू झाले. त्याआधी १,००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. करापूर्वी १,८०० रुपये किंमत असलेला शर्ट गिऱ्हाइकाला २,०१६ रुपयांना पडायचा, तो १,८९० रुपयांना पडू लागला. ६,००० रुपयांची शेरवानी मात्र ६,७२० वरून ७,०८० रुपयांवर गेली. हा निर्णय ३ सप्टेंबरला जाहीर झाला होता, त्यामुळे मधले अडीच आठवडे मध्यम किमतीच्या कपड्यांची खरेदी लोकांनी थोपवून धरली. कंपनीच्या विक्रीच्या आकड्यात जीएसटी धरलेला नसतो. म्हणून 'कर कमी झाला म्हणून विक्रीचा आकडा घटला' असं कोणी सांगत असेल तर ते मानू नका. फरक पडतो तो किती नग विकले गेले यात, आणि त्यासाठी कंपनीचा किती माल २,५०० रुपयांच्या वरचा आहे हे कळायला हवं. लग्नाचे कपडे विकणारी कंपनी आणि कॉलेजच्या मुलांचे टी-शर्ट विकणारी कंपनी यांना या बदलाचा उलटसुलट परिणाम भोगावा लागतो.

तुमच्यासाठी सोपी रीत अशी : जुलै ते डिसेंबर हे सहा महिने एकत्र धरा आणि आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी ताडून बघा. मग त्या वाढीतून नव्या दुकानांची विक्री वजा करा. कंपन्या 'लाइक-टू-लाइक' वाढ म्हणून जो आकडा देतात तो किमान वर्षभर चालू असलेल्या दुकानांचा असतो. एकूण विक्री ११ टक्के वाढली आणि दुकानं १२ टक्क्यांनी वाढली असतील, तर जुन्या दुकानांत काही वाढलेलं नाही.

प्रश्न : कपड्यांच्या कंपनीत पडून राहिलेला माल हाच खरा धोका असं म्हणतात. पण मी डिसेंबर तिमाहीचा निकाल पूर्ण वाचला, त्यात साठ्याचा आकडाच नाही. – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तो तिथे नसतोच. सेबीच्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो. पण ताळेबंद आणि रोख प्रवाहाचा तक्ता वर्षातून दोनदाच, सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांबरोबर येतो. जून आणि डिसेंबरच्या निकालांत फक्त नफा-तोट्याचा तक्ता असतो. त्या दोन तिमाह्यांत खर्चाच्या रकान्यात 'तयार मालाच्या साठ्यातील बदल' ही ओळ शोधा. तिथला आकडा उणे किंवा कंसात असेल तर साठा वाढला, अधिक असेल तर उतरला. बहुतेक लोक ही ओळ ओलांडून थेट निव्वळ नफ्याकडे जातात, आणि तिथेच फसतात.

सप्टेंबरचा ताळेबंद हातात आला की दिवस काढा. समजा साठा ६०० कोटींचा आहे आणि एप्रिल ते सप्टेंबर या १८३ दिवसांत विकलेल्या मालाची किंमत (विक्रीची नव्हे, खरेदी-उत्पादनाची) ४५० कोटी आहे. ६०० भागिले ४५०, गुणिले १८३ म्हणजे २४४ दिवस. हा आकडा मार्चच्या आकड्याशी लावू नका. सप्टेंबरमध्ये दिवाळीचा, लग्नसराईचा आणि थंडीचा माल गोदामात आलेला असतो, त्यामुळे तो मोठा दिसणारच. गेल्या सप्टेंबरशी लावा. विक्री १० टक्के वाढली आणि साठा ३० टक्के, तर पुढच्या सेलमध्ये सवलत खोल जाईल असं समजा.

दुसरी गोष्ट साठ्याच्या वयाची. लेखामानकांनुसार माल लागत किंमत किंवा विकून हातात येईल ती रक्कम, यांतल्या कमी रकमेला दाखवायचा असतो. म्हणून कंपन्या जुन्या मालावर वयाप्रमाणे काही टक्के तरतूद करतात, म्हणजे त्याची तेवढी किंमत आधीच खर्चात टाकतात. हे टक्के कंपनीचं व्यवस्थापन ठरवतं. ते सैल केले की एकही जास्तीचा शर्ट न विकता सकल नफा (विक्रीतून मालाची किंमत वजा जाता उरणारी रक्कम) सुधारलेला दिसतो. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये साठ्यावरची तरतूद दोन वर्षांची शेजारी-शेजारी छापलेली असते. साठा वाढला आणि तरतूद घटली असेल तर कारण विचारा. कपड्यात माल जुना होतो तो कापड कुजतं म्हणून नव्हे. मधले साइज आधी संपतात आणि रॅकवर अगदी लहान व अगदी मोठे उरतात. तुटक साइजचा माल पूर्ण किमतीला जात नाही.

मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरना 'विकलं तर ठेवा, नाहीतर परत' या अटीवर माल दिलेला असेल तर तोही तपासा. मार्चमध्ये माल भरून विक्री दाखवायची आणि जूनमध्ये परतावा घ्यायचा, हे या धंद्यात घडतं. परताव्याची तरतूद आणि येणे रक्कम दोन्ही एकदम वाढलेली दिसली तर सावध व्हा.

प्रश्न : निकालात एबिटा भरघोस दिसतो आणि निव्वळ नफा नगण्य. मधले पैसे जातात कुठे? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. मधले पैसे जातात ते बऱ्याच अंशी दुकानांच्या भाड्यात. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांचं लेखामानक लागू झाल्यावर दीर्घ कराराच्या दुकानांचं भाडं 'भाडं' म्हणून एबिटाच्या वर दिसत नाही. ते खाली घसारा आणि व्याज या दोन ओळींत जातं. वर्षाला १०० कोटी भाडं भरणाऱ्या कंपनीचा एबिटा त्यामुळे १०० कोटींनी फुगतो, आणि कराराच्या पहिल्या वर्षांत व्याज जास्त असल्याने निव्वळ नफा उलट थोडा कमी दिसतो. लोअर परळच्या किंवा मालाडच्या मॉलमध्ये दुकानं असलेल्या कंपनीसाठी हा फरक लहान नसतो. सादरीकरणात 'इंड एएस ११६ पूर्वीचा एबिटा' दिला असेल तर तोच घ्या. दिला नसेल तर रोख प्रवाहाच्या तक्त्यातली भाडेदायित्व फेडीची रक्कम आणि त्यावरचं व्याज एबिटातून वजा करा.

प्रश्न : माझ्या कंपनीने एक फॅशन ब्रँड घेत असल्याचं जाहीर करून सात महिने झाले. अजून निकालात त्याची विक्री दिसत नाही. सौदा फिसकटला का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : करारावर सह्या झाल्या म्हणजे ताबा आला असं नाही. ताबा ज्या दिवशी येतो त्या दिवसापासूनच विकत घेतलेल्या ब्रँडची विक्री खरेदीदाराच्या एकत्रित निकालात मिळवता येते. त्याआधीचा एक रुपयाही नाही. मधल्या काळात सल्लागारांची आणि वकिलांची फी मात्र लगेच खर्चात पडते. म्हणून सौदा लांबला की नफा आधी कमी होतो.

वेळ कुठे जातो तेही बघा. सौदा ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते. प्राथमिक मत ३० दिवसांत आणि एकूण प्रक्रिया १५० दिवसांत पूर्ण व्हावी असा कायदा आहे, पण आयोगाने माहिती मागितली की घड्याळ थांबतं. मग दुकानांचे भाडेकरार : मालकी बदलली तर जागामालकाची संमती हवी अशी अट बहुतेक मॉलच्या करारांत असते आणि तिथे भाडं वाढवून मागितलं जातं. मग ट्रेडमार्क. कपड्यांसाठी वर्ग २५ आणि किरकोळ दुकानांसाठी बहुधा वर्ग ३५. दोन्हींत नोंदणी कोणाच्या नावावर आहे, दहा वर्षांची मुदत कधी संपते, कोणाची हरकत आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतं. हे मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. कधी कधी चिन्ह कंपनीच्या नव्हे तर संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर निघतं, आणि मग सगळा सौदा तिथे अडतो.

सौदे मोडतातही. कोचचा ब्रँड चालवणाऱ्या टॅपेस्ट्रीने ऑगस्ट २०२३ मध्ये मायकेल कोर्सची मालक कंपनी कॅप्री ५७ डॉलर प्रतिशेअर, एकूण सुमारे ८.५ अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने (एफटीसी) हरकत घेतली. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने सौद्याला मनाई केली आणि दुसऱ्या दिवशी कॅप्रीचा शेअर जवळजवळ निम्म्यावर आला. नोव्हेंबरमध्ये करार रद्द झाला. ५७ डॉलर हातात पडलेच असं धरून बसलेल्यांचं नुकसान मोठं होतं.

आणि पूर्ण झालेला सौदाही अंगावर येऊ शकतो. व्हीएफ कॉर्पोरेशनने २०२० मध्ये सुप्रीम हा ब्रँड २.१ अब्ज डॉलरला घेतला आणि २०२४ मध्ये १.५ अब्जला विकला. ताबा आल्यानंतर दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, विकत घेतलेला साठा बाजारभावाने नोंदवला जातो, त्यामुळे तो विकला जाईपर्यंत त्यावर जवळपास नफा दिसत नाही. पहिल्या एक-दोन तिमाह्यांत सकल नफा दबला तर त्याचं कारण हेही असू शकतं. दुसरी, ताळेबंदातलं गुडविल, म्हणजे घेतलेल्या मालमत्तेच्या निव्वळ किमतीपेक्षा जादा मोजलेली रक्कम. त्याची दरवर्षी परीक्षा घ्यावी लागते, आणि ब्रँड अपेक्षेपेक्षा कमी चालला तर ती रक्कम एका फटक्यात खर्ची टाकावी लागते.

प्रश्न : ज्या कंपनीचा ब्रँड विकला जातोय, माझे २०० शेअर तिचेच आहेत. खुल्या प्रस्तावात द्यावेत का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : नोंदणीकृत कंपनीत २५ टक्के किंवा अधिक हिस्सा घेणाऱ्याला इतर भागधारकांकडून किमान २६ टक्के विकत घेण्याचा प्रस्ताव द्यावाच लागतो. सेबीने मसुद्यावर अभिप्राय दिल्यानंतर शेअर देण्याची मुदत १० कामकाजाचे दिवस उघडते, आणि ती संपल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत पैसे मिळतात. एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी घाई करू नका. स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत मुदत उघडण्याआधी प्रसिद्ध होतं. ते वाचा, मग शेवटच्या दोन-तीन दिवसांत निर्णय घ्या. बाजारभाव प्रस्तावापेक्षा वर असेल तर सरळ बाजारात विका.

सगळे शेअर घेतले जातील असं मात्र धरू नका. समजा जनतेकडे ६० टक्के हिस्सा आहे, प्रस्ताव २६ टक्क्यांचा आहे आणि सगळ्यांनी शेअर दिले, तर तुमच्या २०० पैकी सुमारे ८६ घेतले जातील. बाकीचे डीमॅटमध्ये परत येतील, आणि त्यांचं पुढे काय होणार यावर खरा हिशेब ठरतो. आदित्य बिर्ला फॅशनने २०२३ मध्ये 'डब्ल्यू' आणि 'ऑरेलिया'ची मालक टीसीएनएस घेताना प्रस्ताव ५०३ रुपयांनी २९ टक्क्यांसाठी होता, आणि उरलेल्यांना विलीनीकरणात टीसीएनएसच्या ६ शेअरमागे आदित्य बिर्ला फॅशनचे ११ शेअर मिळणार होते. अशा वेळी अर्धी रक्कम रोख आणि अर्धी दुसऱ्याच कंपनीच्या भावावर अवलंबून असते. त्या दुसऱ्या कंपनीचा निकालही तुम्हाला तितक्याच बारकाईने वाचावा लागेल.

प्रश्न : साकीनाक्याला माझं शिवणकामाचं युनिट आहे. ज्या ब्रँडचं काम करतो तो विकला जातोय. माझी थकबाकी आणि त्यांचं कापड, दोन्ही अडकलंय. – एक युनिटचालक

उत्तर : सगळ्यात आधी विक्रीचं स्वरूप विचारा. कंपनीचे शेअर विकले जात असतील तर तुमची ऋणको कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो. पण ब्रँड आणि धंदा कंपनीतून काढून दुसऱ्या कंपनीला विकला जात असेल, तर तुमची रक्कम नव्या कंपनीकडे जाते की जुन्या रिकाम्या झालेल्या कंपनीकडे उरते हे करारातल्या देण्यांच्या यादीवर ठरतं. ताबा होण्याआधी जुन्या कंपनीकडून येणे रकमेची लेखी कबुली घ्या, बिल क्रमांकांसह. ताब्यानंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहक कंपनीला त्या वर्षी प्राप्तिकरात तो खर्च वजा मिळत नाही. मार्चच्या आत ही आठवण लेखी करून द्या, लेखाविभाग लगेच हलतो. तरीही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो.

कापडाचं असं : जॉबवर्कला, म्हणजे फक्त शिवून देण्यासाठी, आलेला माल त्यांच्या मालकीचा आहे. माल पाठवताना केलेल्या चलनाच्या तारखेपासून एका वर्षात तो परत गेला नाही तर पाठवल्या दिवसापासून विक्री झाली असं धरून त्यांच्यावर जीएसटी लागतो. म्हणून चलनवार यादी करा : आलेले मीटर, कापलेले नग, शिवून गेलेले नग, कटपीस आणि वाया गेलेलं कापड. त्यावर दोघांच्या सह्या घ्या. विणलेली लेबलं आणि हँगटॅग मोजून परत करा. थकबाकी वसूल व्हावी म्हणून जुन्या लेबलाचा उरलेला माल बाजारात काढू नका. ताब्यानंतर ते चिन्ह नव्या मालकाचं असतं, आणि ट्रेडमार्क भंगाची नोटीस थेट तुमच्या नावावर येईल.